जकात चुकवून आलेल्या गोष्टी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या खेड्यांत एक जुनी रीत होती, असं सांगतात. रात्री रस्त्यावर घोड्यांच्या टापा वाजल्या की घरातल्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. पडदा सारायचा नाही, ‘कोण आहे?’ म्हणून विचारायचं नाही. सकाळी सरकारी माणूस दाराशी आला की बायबलवर हात ठेवून सांगता आलं पाहिजे, ‘साहेब, आम्ही काही पाहिलं नाही.’ आणि ते खरंच असायचं. शपथ खोटी पडत नाही आणि शेजारीही पकडला जात नाही, असा हा खेडवळ शहाणपणाचा तोडगा. रुडयार्ड किपलिंगनं १९०६ साली याच रीतीवर मुलांसाठी एक गाणं लिहिलं आणि किनाऱ्यावरची ही भिंत इंग्रजी वाचणाऱ्या घराघरांत जाऊन उभी राहिली.

तुमच्या हातातली कादंबरी मला त्या भिंतीशी नेऊन बसवते. दोन पोरक्या बहिणी, समुद्राकाठचं एक जुनं घर, अमावास्येच्या रात्री किनाऱ्याला लागणारी गलबतं आणि मेलेल्या आईबापांविषयी सगळ्या गावाला ठाऊक असलेली, पण या दोघींना कुणीच न सांगितलेली एक गोष्ट. एवढा ऐवज मुखपृष्ठावरूनच कळतो. त्यापुढचं मी सांगणार नाही. रहस्यकथेचं कुलूप प्रस्तावनेतच उघडणाऱ्याला वाचक माफ करत नाहीत आणि करूही नये. मला फक्त ही गोष्ट ज्या जमिनीवर उभी आहे, ती जमीन दाखवायची आहे. ती घट्ट आहे. गोष्ट अद्भुत असली तरी तिच्या पायात कायद्याची पुस्तकं आहेत.

अद्भुतरम्य कथेचं मराठी वाचकाला वावडं असायचं काही कारण नाही. आपली कादंबरी लहानाची मोठी झाली ती याच अंगणात. ‘मुक्तामाला’ १८६१ची, ‘मंजुघोषा’ १८६८ची. दोन्हींत संकटात सापडलेल्या सुंदर नायिका आहेत आणि योगायोगांची रेलचेल आहे. पुढे रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांनी आपल्या कितीतरी लेखकांना वेड लावलं. मात्र आपल्या त्या जुन्या कथांमधली राज्यं नकाशावर सापडत नाहीत आणि तिथे कुठला कायदा चालतो हे कुणी विचारत नाही. इंग्रजी तस्करकथेचं उलटं आहे. तिच्यातली खाडी नकाशावर आहे, तिच्यातला पाद्री रोजनिशी लिहितो आणि तिच्यातल्या खलनायकाला काय हवंय ते समजायला वारसाहक्काचं कलम माहीत असावं लागतं.

सुरुवात चहापासून करू.

अठराव्या शतकात इंग्लंडात कायदेशीर चहा यायचा तो कँटनहून, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून. मक्ता कंपनीचा आणि वर सरकारची जकात. युद्धं लढायला पैसा लागे, म्हणून ही जकात चढत चढत १७८४पर्यंत ११९ टक्क्यांवर गेली. शंभराचा माल दोनशे एकोणीसला. समुद्रापलीकडे हॉलंड आणि फ्रान्सचे व्यापारीही चीनहूनच चहा आणत आणि तो कितीतरी स्वस्त मिळे. मधे पाणी किती? डोव्हरपाशी जेमतेम एकवीस मैल. चहा हलका, सुका, घोड्याच्या पाठीवर सहज बसणारा. एवढा फरक, एवढं कमी अंतर आणि असा माल. या तिन्हींची गाठ पडल्यावर तस्कर निपजला नसता तरच नवल.

चहाबरोबर ब्रँडी, हॉलंडची जिन, तंबाखू, लेस आणि रेशीम यायचं. यात आपलाही एक धागा आहे. हिंदुस्थानी रेशीम आणि छापील सुती कापड तिथल्या विणकरांच्या पोटावर येतं म्हणून १७०० आणि १७२१च्या कायद्यांनी इंग्लंडात ते अंगावर घालायलाच मनाई झाली. मनाई झाली म्हणजे हौस वाढली. ‘बँडाना’ हा शब्द आपल्या ‘बांधणी’च्या कुळातला, ते रंगीत रेशमी रुमालही चोरवाटेनं घरोघर पोचले. म्हणून या कादंबऱ्यांतली एखादी तरुणी ट्रंकेच्या तळाशी दडवलेला हिंदुस्थानी कपडा काढते, तेव्हा ती सरकारी हुकूमही मोडत असते, हे लक्षात ठेवावं.

मालाची ने-आण कशी होई, तेही पाहण्यासारखं आहे. दारू सुमारे चार गॅलनच्या लहान पिंपांतून येई. ही पिंपं इंग्लिश खाडीतल्या गर्नझी बेटावर किंवा ब्रिटनीच्या रॉस्कॉफ बंदरात भरली जात आणि जोडीजोडीनं दोरांनी बांधली जात, म्हणजे हमालाला एक छातीवर, एक पाठीवर घेऊन कडा चढता यावा. बरोबर सोटे घेतलेले राखणदार. आतली ब्रँडी पाण्यासारखी पांढरी आणि जहाल तेज. किनाऱ्याला आल्यावर तिच्यात पाणी घालायचं आणि जाळलेल्या साखरेनं तिला नेहमीचा तपकिरी रंग आणायचा. गस्तीची होडी दिसलीच, तर दगड बांधून सगळी पिंपं समुद्रतळाशी सोडून द्यायची आणि रान मोकळं झालं की लोखंडी आकडे टाकून वर ओढायची. विहिरीत पडलेली कळशी काढायला आपल्याकडे गळ टाकतात, अगदी तसंच. शेतमजुराला आठवडाभर राबून जे सात-आठ शिलिंग मिळत, जवळपास तेवढे एका रात्रीच्या या हमालीत सुटत. मग गावात भिंतीकडे तोंड करणारे इतके का होते, याचं कोडं उरत नाही.

आणि हे गरिबांपुरतं नव्हतं. नॉरफकमधल्या एका खेड्याचे पाद्री जेम्स वुडफर्ड यांची रोजनिशी प्रसिद्ध आहे. १७७७च्या मार्चमध्ये त्यांनी नोंद केली आहे, की रात्री निजायच्या वेळी दिवाणखान्याच्या खिडकीखाली शीळ वाजली आणि घरातले जरा दचकले. बाहेर गावचा तस्कर उभा होता. त्यानं सहा पौंड चहा दिला. पाद्रीबुवांनी पौंडाला साडेदहा शिलिंगप्रमाणे पैसे मोजले. ना लाज, ना पश्चात्ताप. किराणा आला, पैसे दिले, नोंद झाली. कॉर्नवॉलमध्ये जॉन कार्टर नावाच्या तस्कराची गोष्ट सांगतात. जकातवाल्यांनी त्याचा माल जप्त करून पेन्झन्सच्या गोदामात ठेवला. गिऱ्हाइकांना दिलेला शब्द मोडायचा नाही म्हणून त्यानं रात्री गोदाम फोडलं. अधिकाऱ्यांनी सकाळी पाहिलं आणि चोर लगेच ओळखला. कारण त्यानं स्वतःचा तेवढाच माल नेला होता, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावला नव्हता. त्याचा भाऊ हॅरी पुढे मेथडिस्ट पंथात जाऊन प्रवचनं करू लागला आणि त्यानं आत्मचरित्रही लिहिलं.

कादंबरीतला देखणा, शब्दाला जागणारा, कायद्यापुढे गुन्हेगार पण मनानं सरळ असा नायक या मातीतून उगवतो. पण मातीचा दुसरा थर दाखवला नाही तर मी वाचकाला फसवलं असं होईल.

१७४७च्या ऑक्टोबरात हॉकहर्स्ट टोळीच्या माणसांनी पूल बंदरातलं जकातघर फोडून जप्त झालेला आपला चहा परत नेला. वाटेत फोर्डिंगब्रिज गावात लोक तमाशा पाहायला रस्त्यावर आले होते. त्यांत डॅनियल चेटर नावाचा एक चांभार होता. टोळीतल्या एकाची आणि त्याची जुनी ओळख निघाली. त्यानं जाता जाता चेटरकडे चहाची एक पिशवी फेकली. त्या पिशवीनं त्याचा जीव घेतला. बातमी फुटली, चेटरला साक्षीला बोलावलं आणि १७४८च्या फेब्रुवारीत विल्यम गॅली हा जकात खात्याचा माणूस त्याला घेऊन निघाला. रोलंड्स कॅसल इथल्या खाणावळीत दोघे थांबले. खाणावळीची विधवा मालकीण तस्करांच्या बाजूची. तिनं निरोप धाडला. पुढे दोघांचे जे हाल झाले ते इथे सविस्तर लिहवत नाहीत. गॅलीला पुरलं तेव्हा त्याच्यात धुगधुगी होती असं मानतात आणि चेटरला विहिरीत टाकून वरून दगड लोटले. १७४९च्या जानेवारीत चिचेस्टरला सात जणांना मृत्युदंड सुनावला गेला. एक फाशीआधीच तुरुंगात मेला, बाकी सहा लटकले.

भिंतीकडे तोंड करणं म्हणजे नेहमीच शेजारधर्म नव्हता. बऱ्याचदा ती भीती होती. चांगल्या कादंबरीत या दोन्ही गोष्टी एकाच घरात नांदतात. चहाचा कप पुढे करणारा हात आणि विहिरीवरचा दगड लोटणारा हात एकाच माणसाचा असू शकतो, ही शंका शेवटच्या प्रकरणापर्यंत जिवंत राहिली पाहिजे.

आता बहिणींकडे येऊ. या गोष्टींत पोरकी मुलगी एकटी असते तेव्हा कथेला एक वळण असतं. दोघी बहिणी असल्या की निराळंच. याचं कारण भावनेत शोधायला जाऊ नये, ते कायद्यात आहे. इंग्लंडच्या जुन्या रिवाजानं जमिनीचा वारस थोरला मुलगा. मुलगाच नसेल तर? तर थोरली मुलगी नव्हे; सगळ्या मुली मिळून, सारख्या वाट्यानं. म्हणूनच मुलींच्या हाती जमीन जाऊ नये यासाठी मोठी घराणी मालमत्ता आधीच पुरुष वारसांच्या नावे बांधून टाकत. जेन ऑस्टेनच्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’तल्या (१८११) बहिणी बाप गेल्यावर घराबाहेर पडतात आणि इस्टेट सावत्रभावाकडे जाते, ती अशाच व्यवस्थेतून.

पण अशी बांधाबांध नसेल, तर दोन पोरक्या बहिणी म्हणजे एका इस्टेटीच्या दोन अर्ध्या किल्ल्या. एकीशी लग्न लावलं तर अर्धं घर हाती येतं, कारण लग्न होताच बाईची चीजवस्तू नवऱ्याची होई आणि तिच्या जमिनीचं उत्पन्नही तोच खाई. हे चित्र खऱ्या अर्थानं बदललं ते १८८२च्या कायद्यानं. एक बहीण मूलबाळ नसताना मेली, तर दुसरीचं मोल वाढतं. कुठूनतरी हरवलेला भाऊ उगवला तर दोघींचं मोल शून्य. आणि आईबापांचं लग्नच झालं नव्हतं असं निघालं तर त्या वारसही नाहीत आणि कायद्याच्या लेखी कुणाच्या मुलीही नाहीत. अनौरस मूल हे ‘कुणाचंच नसलेलं’ असं तिथला कायदा मानी. प्रेमळ काका, काळजीवाहू पालक, दर रविवारी जेवायला येणारे वकीलसाहेब असं एखादं पात्र तुम्हाला भेटलं, तर ते कुठल्या बहिणीशेजारी खुर्ची ओढून बसतात ते बघा. बरंच काही कळेल.

घराण्याची गुपितं या कथांत हटकून लग्नाच्या नोंदीशी येऊन थांबतात, तेही उगाच नाही. १७५४पूर्वी इंग्लंडात लग्न लावणं फार सोपं होतं. लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या परिसरात कर्जबाजारी पाद्री पैसे घेऊन कुणाचंही लग्न लावत. मागली तारीख हवी असेल तर तीही वहीत घालून देत. १७५३मध्ये लॉर्ड हार्डविक यांचा विवाह कायदा झाला आणि पुढच्या वर्षी अमलात आला. आता चर्चमध्ये जाहीर पुकारा किंवा परवाना, साक्षीदार आणि नोंदवहीत सह्या हव्यात. एकवीस वर्षांखालच्या मुलीला परवान्यानं लग्न करायचं तर बापाची संमती, बाप नसेल तर पालकाची. या तारखा जुळवून पाहा. १७५०च्या सुमारास फ्लीटमध्ये घाईनं लग्न केलेल्या जोडप्याच्या मुली १७७०च्या आसपास वयात येतात. त्यांचं सगळं नशीब एका संशयास्पद वहीच्या एका पानावर लोंबकळत असतं आणि त्यांचं स्वतःचं लग्न ज्याच्या संमतीनं व्हायचं, त्याच पालकाला ते पान नको असतं. कादंबरीकारानं आणखी काही रचायची गरजच नाही.

संमती न मिळणाऱ्या प्रेमिकांना वाट होतीच. हार्डविकचा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता, म्हणून सरहद्दीपलीकडचं ग्रेटना ग्रीन हे गाव पळून जाऊन केलेल्या लग्नांसाठी गाजलं. पण लंडनहून ते तीनशे मैलांवर. दक्षिण किनाऱ्यावरच्या जोडप्यांना जवळ काय? गर्नझी. कायदा त्या बेटांनाही लागू नव्हता. साउदॅम्प्टनहून होडी करायची, बेटावर जाऊन लग्न लावायचं आणि परत यायचं.

मला या सगळ्या प्रकरणाची गुरुकिल्ली इथे सापडली. ज्या गर्नझीहून रात्री जकात चुकवून ब्रँडी यायची, त्याच गर्नझीला पालकाची संमती चुकवून प्रेमी जायचे. तोच समुद्र, तोच अंधार, आणि वेळ पडली तर होडीही तीच. तस्कर आणि प्रेमी यांची सांगड कादंबरीकारांनी रंगत वाढावी म्हणून घातली, असं आपण समजतो. खरं तर ती कायद्यानंच घातली होती. सरकारनं चहावर जकात बसवली आणि समाजानं बाईच्या मनावर. दोन्हीकडे माल चोरवाटेनंच निघाला. घराण्याचं गुपित म्हणजे तरी काय? ज्या सत्याची किंमत घराला परवडत नाही, ते फडताळाच्या मागे दडवून ठेवणं. पिंप तळघरात आणि नोंदवहीचं पान तसबिरीमागे, एवढाच फरक.

या कथाप्रकाराची वंशावळ आता थोडक्यात. वॉल्टर स्कॉटच्या ‘गाय मॅनरिंग’मध्ये (१८१५) तस्कर, पळवलेला वारस आणि बाप गेल्यावर घर गमावणारी बहीण हे तिन्ही धागे एकत्र विणलेले दिसतात. फॉकनरच्या ‘मूनफ्लीट’मध्ये (१८९८) पोरका मुलगा डॉर्सेटच्या किनाऱ्यावर चर्चखालच्या तळघरात उतरतो. डॅफ्नी द्यू मोरिएच्या ‘जमैका इन’ने (१९३६) पोरकी मुलगी मध्यभागी आणली आणि कॉर्नवॉलच्या माळरानावरची खाणावळ जगभर पोचवली; हिचकॉकनं तिच्यावर १९३९मध्ये चित्रपट केला. १९३६मध्येच जॉर्जेट हेयरनं ‘द टॅलिस्मन रिंग’मध्ये हीच सामग्री खेळकरपणे हाताळली आणि १९५९च्या ‘द अननोन एजॅक्स’मध्ये तस्करी थेट उमराव घराण्याच्या जेवणाच्या टेबलापर्यंत आणली. भय हवं असेल तर द्यू मोरिए, हसू हवं असेल तर हेयर. हातातली कादंबरी या दोघींच्या मधल्या वाटेनं चालते.

एक सावधगिरी मात्र हवी. खोटे दिवे लावून जहाजं खडकावर आणणारे लोक या कादंबऱ्यांत वारंवार भेटतात. फुटलेल्या जहाजावरचा माल किनाऱ्यावरचे लोक लुटत, हे खरं. पण मुद्दाम दिवा दाखवून जहाज फोडल्याचा ठोस पुरावा इतिहासाच्या अभ्यासकांना जवळजवळ सापडत नाही. तिथे कादंबरी इतिहासाचा हात सोडून पुढे धावते. धावू द्यावं, फक्त आपल्याला ते ठाऊक असावं.

शेवटी, हे सगळं संपलं कसं? चहाचं उत्तर सरळ आहे. १७८४मध्ये पंतप्रधान विल्यम पिट यांनी चहावरची जकात ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणली आणि चहाची तस्करी बसली. ज्या धंद्याला तलवार, फाशी आणि गस्तीची जहाजं थांबवू शकली नव्हती, तो एका आकड्यानं थांबला. दारू आणि तंबाखू पुढेही येत राहिले आणि १८२२मध्ये कोस्टगार्ड दल उभं करावं लागलं, ही गोष्ट वेगळी. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना याची चव माहीत आहे. १९६८चा सुवर्ण नियंत्रण कायदा होता तोवर आपल्या किनाऱ्यावर सोन्याची बिस्किटं उतरत होती आणि हिंदी सिनेमाला खलनायकांची ददात नव्हती. १९९०मध्ये तो कायदा रद्द झाला, पुढे आयातीची दारं किलकिली झाली आणि किनाऱ्यावरचा तो जुना तस्कर हळूहळू पडद्यावरूनही उतरला.

घरातल्या मालाला मात्र फार वेळ लागला. बाईच्या मालमत्तेचा कायदा आला १८८२ साली. आईबापांनी मागाहून लग्न केलं तर मूल औरस मानावं, ही साधी गोष्ट इंग्लंडच्या कायद्यात शिरायला १९२६ उजाडलं, आणि तेव्हाही ती सगळ्याच मुलांना लागू नव्हती. चहा समोरच्या दारानं घरात आला त्याला तोवर १४२ वर्षं झाली होती. इतकी वर्षं माणसाचं नाव मागच्या दारानंच ये-जा करत राहिलं.

म्हणून या कादंबरीतल्या दोघी बहिणींकडे पाहताना मला तस्करांपेक्षा त्याच जास्त धाडसी वाटल्या. तस्कर अंधारात चालतात आणि सारं गाव त्यांच्यासाठी भिंतीकडे तोंड करतं. या दोघींना लहानपणापासून तेच शिकवलेलं. टापा वाजल्या की वळायचं, आईचं नाव निघालं की वळायचं. एका रात्री घोडे दाराशी येऊन थांबतात. त्या वेळी कोण भिंतीकडे वळतं आणि कोण वळत नाही, ते आता तुम्हीच वाचा.